जाताना संथ, येताना जलद

मी, द्वारकाबाई गोकुळ तुपे, माहेरची गाडेकर, वय वर्षे बहात्तर, धंदा पियानो वाजवणे व गाणे, राहणार पदमपुरा, छत्रपती संभाजीनगर, लिहून ठेवते की माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेची आणि माझीही व्यवस्था या कागदाप्रमाणे लावावी. हॉटेलातली जुनी मंडळी मला डोरा म्हणून ओळखतात. नावं दोन असली तरी बाई एकच आहे, हे इथेच नमूद करते, म्हणजे पुढे बँकेत कोणाची अडवणूक व्हायला नको.

मी पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात वजा करत मागे मागे यायला सांगितलं. मी विचारलं, सातच का, आठ का नाही? त्यांना सांगता आलं नाही, तरी दाखला दिला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, कोणाची फूस नाही. वकीलबाईंचं एवढंच म्हणणं होतं की मुद्द्यापुरतं लिहा. शेवटी कलमं त्यांच्या पद्धतीने आणि मधला मजकूर माझ्या पद्धतीने, अशी आमची तडजोड झाली.

घर, पियानो आणि शिल्लक कोणाला द्यायची हे माझं केव्हाच ठरलेलं आहे. घोडं अडलंय ते एका साडीपाशी. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी घालतात. भाऊ ती घेऊन येतो, आणि तो येईपर्यंत तिला उचलत नाहीत. माझा भाऊ बद्रीनाथ फुलंब्रीजवळ राहतो, गाडीने तासाभराच्या वाटेवर, आणि चाळीस वर्षांहून जास्त काळ त्याने माझ्या घराची पायरी चढलेली नाही. माझी साडी घेऊन तो येईल का? याचं उत्तर मिळेल तेव्हा ते ऐकायला मी नसणार, हे मला बिलकूल मान्य नाही.

कलम १. घर.

पदमपुऱ्यातलं दोन खोल्यांचं घर, पुढचं अंगण आणि अंगणातलं लिंबाचं झाड ही माझी व माझ्या यजमानांची स्वकष्टार्जित मिळकत आहे. आम्हांला मूल नाही. यजमानांची पुतणी मोनाली लग्न मोडल्यावर चार दिवसांसाठी म्हणून आली ती इथलीच झाली. नोकरी करते, माझी औषधं सांभाळते, माझ्याशी भांडते. माझ्या पश्चात हे घर तिचं. तिने पुन्हा लग्न केलं तरी तिचं आणि नाही केलं तरी तिचं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम २. पियानो.

हाही मोनालीला. ती वाजवते चांगलं, पण गात नाही, लाजते. तिला गायचा आग्रह कोणी करू नये. मी बारा वर्षं करून पाहिला आहे.

पियानोवर टीव्ही ठेवू नये. फुलदाणी ठेवू नये. आपल्याकडचा उन्हाळा त्या लाकडाला सोसत नाही, म्हणून होळी झाली की त्याच्याखाली पाण्याचं घमेलं ठेवून घमेल्यावर ओलं गोणपाट टाकावं, ते मृग लागेपर्यंत. दसऱ्याला हळदकुंकू झाकणावर वाहावं, पट्ट्यांवर नाही. एका वर्षी मोनालीने पट्ट्यांवर वाहिलं आणि दिवाळीपर्यंत माझी बोटं पिवळी होत होती. मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की वर यायला वेळ घेते. ती दुरुस्त करू नये. कारण कलम ४ मध्ये दिलं आहे.

हा पियानो मुळात हॉटेलचा. माझे यजमान त्या हॉटेलच्या बागेवर मुकादम होते. अजिंठा-वेरूळ बघायला येणारे परदेशी पाहुणे तिथे उतरत, आणि बेनेडिक्ट अल्वारिस नावाचे गोव्याचे गृहस्थ त्यांच्यासाठी रोज पियानो वाजवत. मी यजमानांचा डबा घेऊन जायचे आणि मोगऱ्याच्या वाफ्यापाशी उभी राहून खिडकीतून ऐकायचे. एकदा ते असं काही गायले की मला हसू आलं. शब्द इंग्रजी, मला एक कळत नव्हता. पण त्यांनी एक ओळ म्हटली, तीच पुन्हा म्हटली, आणि मग तिसरी वेगळी. आमची आई जात्यावर नेमकं हेच करायची.

अल्वारिस सर बाहेर आले आणि का हसलीस म्हणून विचारलं. मी उलट त्यांनाच विचारलं, “तुम्ही एकच ओळ दोनदा कामून म्हणता?”

“तूच सांग,” ते म्हणाले.

“दुसऱ्यांदा म्हणता म्हणता पुढची सुचती. आमची आई असंच करती.”

त्यांनी मला आत नेऊन स्टुलावर बसवलं. त्या गाण्याला ब्लूज म्हणतात आणि अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या लेकीसुनांनी, नातवंडांनी ते रचलं, एवढं मला त्या दिवशी कळलं. बाकीचं कळून घ्यायला उरलेलं आयुष्य गेलं आणि अजून पुष्कळ राहिलंय.

कलम ३. अवजारं आणि रेकॉर्डी.

सूर लावायची चावी, तारांमध्ये घालायचे नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे आणि अल्वारिस सरांच्या रेकॉर्डी मोनालीने आपल्याकडे ठेवाव्यात आणि कोणी होतकरू भेटल्यास त्याला द्याव्यात. होतकरू ओळखायची खूण अशी की तो पहिल्याच दिवशी “हे असं का?” म्हणून विचारतो. “हे कसं वाजवायचं?” एवढंच विचारणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

सर म्हणायचे, डावा हात नोकरीवर असतो आणि उजवा सुटीवर. डाव्याने रोजच्या वेळेला हजर राहायचं, म्हणजे उजव्याला कुठेही भटकता येतं. हे मला लगेच समजलं, कारण माझे यजमान डावा हात होते आणि मी उजवा. त्यांना सुरातलं काही कळत नव्हतं. मी आत गायचे, ते बाहेर लॉनला पाणी घालायचे. मी चुकले की पाइप थांबायचा.

एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत जमली नाही. आईच्या गळ्यात एक सूर होता, कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधला. ब्लूज गाणाऱ्या बायकांच्या गळ्यातही तोच आहे. पियानोत तो नाही. तिथे दोन पट्ट्यांमध्ये नुसती फट आहे. सर शेजारच्या दोन्ही पट्ट्या एकदम दाबायचे, मग तो जरासा डोकावून जायचा. तो आईकडे कुठून आला आणि समुद्रापलीकडच्या त्या बायकांकडे कुठून, हे मी कितीतरी जणांना विचारलं. कोणाला उत्तर सापडल्यास माझ्या फोटोसमोर मोठ्याने सांगावं.

कलम ४. राग.

वकीलबाई म्हणतात, राग वारसाने देता येत नाही. न दिल्यास तो माझ्याबरोबर जाईल आणि मला तो बरोबर नको आहे, म्हणून इथे ठेवते.

पहिला राग हॉटेलच्या शेवटच्या मॅनेजरवर. एका लग्नाच्या रिसेप्शनला त्याने पियानोचं टेबल केलं आणि त्यावर जिलेबीची परात मांडली. पाक आत गेला. ती पट्टी तेव्हापासून वर यायला वेळ घेते, आणि पुरावा म्हणून ती तशीच राहावी. पुढे हॉटेलचं नूतनीकरण झालं, पियानो अडगळीत निघाला आणि यजमानांनी तो बैलगाडीवरून घरी आणला. शहरात टेंपो होते. पण टेंपोवाला खड्डे बघत नाही आणि बैल बघतो, असं त्यांचं म्हणणं.

दुसरा राग एका लेखकमहाशयांवर, ज्यांनी छापलं की मराठीत ब्लूज गाणं म्हणजे पुरणपोळीवर सॉस. तो राग आता राहिला नाही. मी तसं खाऊन पाहिलं. फार वाईट लागत नाही.

तिसरा राग माझ्या माहेरावर, आणि तो अजून आहे. सर गोव्याला परत गेल्यावर त्यांच्या स्टुलावर मी बसले. मॅनेजमेंटने दारात बोर्ड लावला, माझा फोटो आणि खाली डोरा. सुगी झाली की माझे वडील सांडूजी गाडेकर लेकीसाठी नव्या ज्वारीचं पोतं घेऊन यायचे. त्या वर्षी आमच्या खोलीला कुलूप दिसलं म्हणून ते पोतं खांद्यावर घेऊन हॉटेलवर आले. मी मायक्रोफोनपुढे होते. समोर ग्लास घेतलेले पुरुष बसले होते. वडिलांनी बोर्ड पाहिला, मला पाहिलं, पोतं पोर्चमध्ये ठेवलं आणि निघून गेले. मी गाणं संपवून धावले तेव्हा एसटी गेली होती. गाणं अर्धवट सोडून का धावले नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. गाणं अर्धवट सोडत नाहीत, हेच उत्तर तेव्हाही होतं आणि आताही तेच.

त्यानंतर माहेरची दिवाळी बंद, पंचमी बंद. वडील गेले ते मला तिसऱ्या दिवशी बाजारात एका गाववाल्याकडून कळलं. माझे यजमान गेले तेव्हाही तिकडून कोणी आलं नाही. वडिलांनंतर घरात कर्ता बद्रीनाथ होता. लहानपणी त्याला मी कडेवर घेऊन फिरायचे, त्याचं शेंबडं नाक मी पुसलं आहे, म्हणून हा राग जास्त आहे.

कलम ५. माहेरची साडी.

मी गेल्यावर बद्रीनाथला एकदाच निरोप द्यावा. विनवण्या करू नयेत. तासभर वाट पाहावी. तो आला नाही तर मोनालीने माझीच एखादी साडी माझ्या अंगावर घालावी आणि ती माझीच आहे असं सांगावं. गल्लीतल्या कोणी दया येऊन माहेरची म्हणून खोटी साडी घालू नये. खोटी मला चालणार नाही.

कलम ६. शिल्लक आणि शेवटचा प्रवास.

दवाखान्याची व इतर देणी भागवून बँकेत जी शिल्लक उरेल ती फकिरा मास्टरांच्या बँडला द्यावी. फकिरा मास्टर आमच्या मागच्या गल्लीत राहतात, वरातीत क्लॅरिनेट वाजवतात, आणि या शहरात माझ्याशी सुरांवरून भांडणारा तेवढा एकच माणूस आहे. मोबदल्यात त्यांनी मला वाजवत न्यावं.

सरांनी सांगितलं होतं की अमेरिकेत एक शहर आहे, तिथे वाजवणारा माणूस गेला की बँड त्याला पोचवायला जातो. जाताना संथ वाजवतात आणि सगळे रडतात. पुरून झालं की येताना जलद वाजवतात आणि तेच रडणारे नाचतात. मला आधी ती थाप वाटली. मग आठवलं, आमच्या गावातसुद्धा पिकल्या माणसाला हलगी वाजवत नेतात. फक्त येताना आपण मुक्याने येतो. का, म्हणून मी जाणत्या माणसांना विचारलं. एक म्हणाले, रीत आहे. दुसरे म्हणाले, येताना माणसं दमलेली असतात. दोन्ही उत्तरं मला पटली नाहीत. तेव्हा माझ्या वेळी जाताना मी बांधलेली संथ चाल वाजवावी आणि येताना जलद. जलद चाल गल्लीच्या कोपऱ्यापासून घरापर्यंत वाजवावी, म्हणजे घरी थांबलेल्या बायकांनाही ऐकू येईल.

इथून पुढचा मजकूर आठवड्याने लिहीत आहे. वकीलबाई म्हणाल्या, नवा कागद घ्या. मी म्हटलं, जे जसं झालं तसंच कागदावर राहू द्या.

कलम ६ लिहून झालं आणि मला स्वस्थ बसवेना. चाल माझी, वाजणार माझ्यासाठी, आणि सगळा पदमपुरा ऐकणार, मी सोडून. म्हणून मी रविवारी दुपारी फकिरा मास्टरांना तालमीला बोलावलं. बँड फाटकाशी उभा राहिला. संथ चाल थोडी पुढे जायची आणि ढोलवाल्याचा हात आपोआप वरातीवर यायचा.

“बाई, याला लगनाची आदत पडलीय,” फकिरा मास्टर म्हणाले. “हळू वाजवलं की याला वाटतं, नवरदेवाचा घोडाच अडला.”

“त्याला म्हणावं, या नवरदेवाला कुठेच पोचायची घाई नाही.”

हळूहळू जमलं. पण खुर्चीत बसून ऐकताना माझ्या मनात आलं, त्या दिवशी मी बसलेली थोडीच असणार? आडवं पडल्यावर कसं ऐकू येत असेल? मोनालीने कुरकुरत अंगणात खाट टाकली. मी उताणी पडले, डोळे मिटले. ज्यांना पुढे उपयोग होईल त्यांच्यासाठी नोंदवून ठेवते की आडव्या माणसाला ढोल पाठीतून ऐकू येतो आणि क्लॅरिनेट कपाळावरून. चाल चांगली बांधली गेली होती. इतकी चांगली की मला झोप लागली.

समोर कडुबा राहतात, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, मूळचे आमच्या फुलंब्रीकडचे. त्यांनी गच्चीतून पाहिलं. अंगणात खाट, खाटेवर मी निपचित, बँडची रडकी चाल, आणि मोनाली ओढणीने डोळे पुसतेय. तिला चालीनेच रडू आलं होतं. कडुबांनी खाली येऊन चौकशी करायच्या आधी थेट बद्रीनाथला फोन लावला. खाली आले तेव्हा मी घोरत होते. मग घाबरून त्यांनी पुन्हा पुन्हा फोन केले, पण तिकडून कोणी उचलेना.

मी उठले, चहा झाला आणि येतानाची जलद चाल सुरू झाली. मी लाटण्याने ठेका देत होते. ढोलवाला खुशीत आला होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. आधी गावातले भजनवाले उतरले, टाळ-मृदंग घेऊन. मग डोक्यावर पिठलं-भाकरीची टोपली घेतलेली माझी भावजय, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. सगळ्यांत शेवटी बद्रीनाथ उतरला. काखेत कागदात गुंडाळलेलं पुडकं, चेहरा रडून सुजलेला. हुबेहूब वडिलांसारखा दिसायला लागला होता. बँड आपोआप थांबला.

“आक्का, तू जित्ती हायस?”

“व्हय.”

“मंग हे काय चाललंय?”

“तालीम.”

“कशाची?”

“मी मेल्याची.”

“लाज नाय वाटत तुला? म्या वाटंभर रडत आलो! जीपमधी समद्यांला रडवलं!” असं म्हणून तो माझ्याच खाटेवर बसला आणि पुन्हा रडायला लागला. मला त्याचा संताप येत होता आणि त्याचं नाक पुसायला मी पदरही पुढे केला होता. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते.

एक गोष्ट मात्र मला कळेना. फोन गेल्यापासून तो दीड तासात पोचला होता. वाटेत दुकानात थांबायला त्याला वेळ झाला तरी कधी?

“बद्री, साडी कधी घेतलीस?”

बोलली ती भावजय. “घरातच होती, आक्का.”

मी पुडकं सोडलं. आत हिरवी साडी होती, पैठणची, बारीक काठाची. हिरवी सवाष्णीला घालतात. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे ही साडी ते हयात असतानाची होती.

“तुमचं काळजाचं आपरेशन झाल्याचं कडुबांकडून कळलं ना, तव्हा घेतली,” भावजय म्हणाली. “तव्हापासून पेटीत हाय. दर दिवाळीला उन्हात टाकती, डांबरगोळ्या बदलती. हे म्हणायचे, आक्काची हाय, कुणी हात लावू नका.”

मी बद्रीनाथला म्हटलं, “जिवंतपणी एक चोळीचा खण दिला नाहीस आणि मरणाची साडी इतकी वर्षं जपलीस?”

“जित्तेपणी यायला तोंड नव्हतं, आक्का,” तो म्हणाला. “मेल्यावर कुणी इचारत नाय, कामून आला म्हणून.”

मी साडी उलगडून पाहिली. कसर कुठेच लागलेली नव्हती.

मग साडीचं काय करायचं यावरून अंगणात चर्चा पेटली. मयतासाठी आणलेलं परत घरी नेत नाहीत, यावर भजनवाले ठाम होते. जिवंत बाईला ते घालत नाहीत, यावरही ठाम. विधवेला हिरवं चालत नाही, असं कडुबा मागून हळूच म्हणाले. फकिरा मास्टरांनी तर ती बँडच्या पताकेला वापरायची तयारी दाखवली. कोणाला वाट सापडेना. मी साडी उचलली, आत गेले आणि नेसून बाहेर आले. काठ जरा कडक होता, पण रंग मला खुलत होता. हे मोनालीनेही कबूल केलं.

पिठलं-भाकरी सगळ्यांनी मिळून खाल्ली, बँडनेसुद्धा. माझ्या घरात बद्रीनाथ पहिल्यांदा जेवत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले म्हणून तो चिडला. जेवण झाल्यावर मी पियानोला बसले. फुलंब्रीच्या फाट्यावरचं माझं एक जुनं गाणं आहे, ब्लूजच्या रीतीनं बांधलेलं. मी पहिली ओळ म्हटली:

फुलंब्रीची गाडी गेली, उभी मी फाट्यावरी.

आता भजनात पुढच्याने ओळ टाकली की मागच्यांनी ती उचलायची असते. त्या मंडळींचा गळा त्यालाच बांधलेला. तीच ओळ पुन्हा म्हणायला मी तोंड उघडलं, तर ती सगळ्यांनी मिळून म्हटली, टाळांसकट, आणि सगळ्यांत वर बद्रीनाथचा आवाज. मला आयुष्यात पहिल्यांदा दुसरी ओळ स्वतः म्हणावी लागली नाही. नुसतं ऐकत बसायला मिळालं. मधला तो सूर त्याच्या गळ्यात आहे. तो भजनात कुठे लपवून ठेवतो देव जाणे, पण आहे. तिसरी ओळ मी इतकी वर्षं अशी म्हणत आले आहे: माहेर माझं तासावर, नि मी परक्या वाटेवरी. त्या दिवशी तोंडातून वेगळीच आली:

भाऊ आला अनवाणी गं, चप्पल त्याची घरी.

बद्रीनाथने खाली पायांकडे पाहिलं. तोवर त्याच्याही ते लक्षात आलेलं नव्हतं.

कलम ७. साक्ष.

बद्रीनाथच्या नावे काहीतरी ठेवावं असं मी ठरवलं. रेकॉर्डी लावायचं मशीन द्यावं म्हटलं, कारण सरांच्या रेकॉर्डी त्याने दोन तास तोंड उघडं ठेवून ऐकल्या. आज तो पुन्हा आला तेव्हा वकीलबाई इथेच होत्या. त्यांनी सांगितलं की मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेलं रद्द होतं.

बद्रीनाथ खुर्ची ओढून टेबलाशी बसला. मग म्हणाला, “मंग मला काय नगं. म्या सही करतो.”

“अरे, मशीन?”

“मशिनीचं काय घिऊन बसलीस? आजपस्तोर तुझ्या कशावर माझं नाव नाय. आज येऊ दे.”

वकीलबाईंनी तेवढ्यात पेन खाली ठेवलं आणि चष्मा पुसला. मशीन मी त्याला आत्ताच, जिवंतपणीच, देऊन टाकलं आहे. ते जीपमध्ये ठेवलेलं आहे, सबब ते आता या मृत्युपत्राचा विषय राहिलेलं नाही. वडील गेले तेव्हा मला का कळवलं नाही, हे त्याला अजून विचारायचं आहे. आज विचारलं नाही. पुढच्या रविवारी तो काही रेकॉर्डी ऐकायला म्हणून उसन्या न्यायला येणार आहे, तेव्हा विचारीन.

कलम ८. कलम ५ रद्द करून त्याऐवजी.

मी खरोखर गेल्यावर बद्रीनाथने नवी साडी आणावी. जुनी मी नेसले आहे, ती आता चालणार नाही. कोणता रंग, असं त्याने विचारलं. त्याच्या मनाला येईल तो. तो पोचेपर्यंत मला उचलू नये, मग कितीही वेळ लागो. बँडने तोवर संथ चाल वाजवत राहावं आणि ढोलवाल्यावर लक्ष ठेवावं. बद्रीनाथने येताना चप्पल घालून यावं.

तो माझ्याआधी गेला, तर दुसऱ्या कोणाचीही साडी माझ्या अंगावर घालू नये. हीच हिरवी, धुऊन, इस्त्री करून घालावी. विधवेला हिरवं चालत नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं आणि सांगावं की हिला भाऊ होता.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, आणि कोणतीही ओळ जड वाटली नाही म्हणून खाली सही करते.

ठिकाण: पदमपुरा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही: द्वारकाबाई गोकुळ तुपे ऊर्फ डोरा

साक्षीदार १: कडुबा, निवृत्त एसटी चालक, समोरचे घर. द्वारकाताईंनी माझ्या देखत सही केली. त्या जिवंत व शुद्धीवर आहेत, हे या वेळी जवळ जाऊन खात्री करून लिहीत आहे.

साक्षीदार २: बद्रीनाथ सांडू गाडेकर, धंदा शेती, राहणार फुलंब्रीजवळ. वरची सही माझ्या सख्ख्या बहिणीची हाय. म्या शेजारी बसून बघितली.